आधी पाण्याची वाट, मग हिरवळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी तीस वर्षे हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांमधून भूगोल शिकवला. 'काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली असून तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता अधिक असते', हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले याची गणती नाही. उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे सापडले की मी डोळे झाकून दोनपैकी दोन गुण देत असे. त्या वाक्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो निवृत्तीनंतर, घरच्या अंगणात. आणि त्या शिकवणीची फी माझ्या आईला भरावी लागली.

आमचे घर हिंगोली शहराच्या कडेला एका नव्या वसाहतीत आहे. २०१४ साली आम्ही तिथे राहायला गेलो. त्याआधी तिथे सोयाबीन आणि तूर होत असे. मग जमीन बिगरशेती झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट विकले गेले आणि बघता बघता पंचवीस-तीस घरे उभी राहिली. घरासमोर तीस फूट बाय वीस फुटांचे अंगण आम्ही हौसेने मोकळे ठेवले. मधोमध तुळशीवृंदावन. उन्हाळ्यात त्या अंगणात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडत आणि पावसाळ्यात चप्पल रुतून पायातून निघून जाई. काळ्या मातीच्या मुलखात राहणाऱ्याला हे सांगायला नको. चिखल चपलेला लागत नाही, चप्पलच चिखलाला लागते.

२०२२ च्या उन्हाळ्यात मुलगा पुण्याहून आला. त्याच्या सोसायटीत मुलांना खेळायला कृत्रिम हिरवळ अंथरलेली होती. तो म्हणाला, "बाबा, आपणही अंथरू. आजीला अनवाणी फिरता येईल, चिखलाची कटकट नाही." मला हसू आले. माझ्या वडिलांनी हयातभर शेतातली हरळी खणून काढण्यात मजुरी घातली, आणि आता त्यांचा नातू पैसे मोजून प्लॅस्टिकची हरळी आणायला निघाला होता! पण आई ब्याऐंशी वर्षांची. सकाळी तुळशीला पाणी घालून अंगणात दहा फेऱ्या मारायच्या, हा तिचा नेम. पावसाळ्याचे चार महिने तो मोडत असे. मी हो म्हटले.

आता माझ्यातल्या भूगोलाच्या मास्तराची फजिती ऐका. खाली पाणी मुरते की नाही हे तपासावे, एवढी अक्कल मला होती. मे महिन्यात अंगणात फूटभर खोल खड्डा केला आणि बादलीभर पाणी ओतले. दहा मिनिटांत पाणी गायब! दुसरी बादली ओतली, तीही गडप. मी मुलाला म्हणालो, बघ, पाण्याचा निचरा फर्स्ट क्लास आहे. मग दोन ट्रॉल्या मुरूम पसरला, वर थोडी कच टाकली आणि हिरवे गालिचे अंथरून टाकले. आठवडाभर शेजारपाजारचे लोक पाहायला येत होते.

पाणी गेले होते ते भेगांतून. मे महिन्यात काळ्या जमिनीच्या भेगा कधी कधी हात-दोन हात खोल असतात. त्यांत बादलीच काय, टँकर ओतला तरी तो काही काळ दिसेनासा होईल. पण या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे अतिसूक्ष्म चिकणकण असतात. कागदांची चवड रचावी तसे त्यांचे थर असतात आणि थराथरांत पाणी शिरले की ते फुगतात. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की भेगा मिटतात, दारे लागतात, आणि मग तीच जमीन तासाला दोन-चार मिलिमीटरसुद्धा पाणी आत घ्यायला तयार होत नाही. तपासणी करायची तर खड्डा दोन-तीन दिवस सतत भरलेला ठेवावा, माती फुगू द्यावी आणि मग पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. हे मी नंतर केले. चोवीस तासांनी पाणी चार बोटेही उतरले नव्हते.

त्या वर्षीच्या जुलैत काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायला मला आवडत नाही. खालची माती जागोजागी फुगून हिरवळीला उंचवटे आले. मधे पाणी साचले. मुरूम हळूहळू खालच्या चिखलात बसत गेला आणि चिखल वर आला. गालिच्याखालून कुबट वास येऊ लागला, डास झाले. पाण्याला वाट न मिळाल्याने ते शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीशी जाऊन बसले आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत ओलावली. आठ वर्षांचा शेजार, पण त्या महिन्यात आम्ही एकमेकांकडे पाहणे सोडले. आणि एका सकाळी पाऊस उघडल्यावर आई तांब्या घेऊन तुळशीकडे निघाली. कडेला हिरवळीवर बारीक शेवाळ धरले होते, ते हिरव्यात हिरवे कुणालाच दिसले नव्हते. तिचा पाय सरकला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुढचे वर्षभर ती उंबऱ्याबाहेर आली नाही. "मातीत इतकी वर्षं चालले, कधी पडले नाही रे," एवढेच ती एकदा म्हणाली.

दिवाळीनंतर ओळखीचे एक हळदवाले मामा आईला भेटायला आले. आमची वसाहत जिथे झाली त्या शेतात तरुणपणी त्यांनी सालदारकी केली होती. आईची विचारपूस झाल्यावर ते ओट्यावर बसले, अंगणाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घर काळीत बांधलं. लोक पांढरीत बांधायचे."

मंडळी, हा एक शब्द ऐकून मी चपापलो. जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत. पिकते ती काळी आणि राहायची ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात या काळी-पांढरीचा पसारा विस्ताराने आला आहे. गावठाण बहुधा उंचवट्यावर असे. पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख, शेण, चुनखडी मिसळून तिथली माती पांढरट झालेली असे. ती काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी हीच पांढरी माती घालत. माझ्या आजोबांच्या घराचे माळवद वरून सपाट दिसे, पण त्याला पन्हाळीकडे बेताचा उतार असे आणि आजोबा रोहिणी लागल्या की स्वतः वर चढून तो उतार पायाने चाचपून पाहत. घराच्या छपराला जे शहाणपण त्यांनी लावले, ते मी अंगणालाही लावले नाही! आता गावठाणे भरली आणि आपण सगळे काळीत उतरलो आहोत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा, नवी वसाहत म्हणजे कालचे शेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या एकट्याच्या अंगणाचा नाही.

मामांनी दुसरी गोष्ट विचारली. "तुमचं पाणी जातं कुठं?" मी म्हणालो, "मुरतं." ते म्हणाले, "काळीत पाणी मुरत नसतं, काढून द्यावं लागतं. आम्ही हळद लावताना आधी काय बघतो? वाफा उंच आणि सरीला उतार. हळदीच्या बुडात दोन दिवस पाणी थांबलं की कंद सडला."

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या शेतात जाऊन पाहा. रुंद गादीवाफे आणि मधल्या सऱ्या. पाणी वाफ्यावर थांबत नाही, सरीत उतरते आणि सरीतून शेताबाहेर जाते. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट आपल्या राज्याने फार पूर्वी किंमत मोजून शिकलेली आहे. १८८५ मध्ये निरा डावा कालवा सुरू झाला, बारामतीकडे ऊस आला आणि काही दशकांत भारी जमिनी चिबडू लागल्या, वर मीठ फुटू लागले. दख्खनच्या कालव्यांखालच्या अशाच प्रश्नांसाठी मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ मध्ये सिंचनाचा एक खास कक्ष काढला. आज खडकवासल्याला जे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याचे मूळ त्या कक्षात आहे. म्हणजे एवढी मोठी संस्था उभी राहिली तीसुद्धा पाणी आणण्याबरोबर पाणी काढून देण्याच्या काळजीतून.

आता हिशेब पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे अंगण सुमारे ५६ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्याकडचा एक चांगला सडाका, झाला की अंगणात २,८०० लिटर पडतात. वर गच्चीचे ९०० चौरस फुटांचे पाणी पन्हाळीने त्याच अंगणात येत होते, ते आणखी ४,२०० लिटर. सात हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर! हा टँकर मी बंद दाराच्या खोलीत रिकामा करत होतो आणि वर गालिचा अंथरून ठेवला होता.

कुणी म्हणेल, शोषखड्डा करा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने शोषखड्डे करून उघडी गटारे घालवली, हे मी जाणतो आणि त्या गावाला माझा नमस्कार. पण तिथे प्रश्न रोजच्या सांडपाण्याचा होता. बादल्यांचे पाणी वेगळे आणि टँकरचे वेगळे. शिवाय खड्डा काळीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत गेला तरच तो पाणी पितो. नुसत्या काळीत केलेला खड्डा म्हणजे हौद.

तेव्हा पाणी बाहेर काढणे भाग होते. पण कुठे? समोरच्या रस्त्याच्या नालीत सोडावे म्हटले तर रस्ता आमच्या अंगणाहून सात इंच वर! आपल्याकडे रस्ता नवा होतो तेव्हा जुना उकरत नाहीत, त्याच्यावरच काँक्रीट ओततात. दर खेपेला रस्ता एक पायरी चढतो आणि घर एक पायरी उतरते. याबद्दल मला बरेच बोलता येईल, पण वेळ मर्यादित आहे.

वाट मामांनीच दाखवली. ते म्हणाले, "या रानाचा सांडवा ईशान्येच्या कोपऱ्यात होता. तिथून पाणी मागच्या ओढ्यात जायचं." आम्ही गवंड्याची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरले आणि जागोजाग पातळी घेतली. मामांची चाळीस वर्षांपूर्वीची आठवण बोटभरही चुकलेली नव्हती. सगळा उतार ईशान्येकडे. आणि ज्या ठिकाणी बांधाचा सांडवा होता नेमके तिथे मी आणि माझे शेजारी, दोघांनी मिळून, निम्मा-निम्मा खर्च करून, पक्की कुंपणभिंत बांधली होती. त्या भिंतीच्या वास्तूला आम्ही पेढेसुद्धा वाटले होते.

आता शेजाऱ्यांकडे जाणे आले. मी तीन दिवस टाळले. शेवटी नळी खांद्यावर टाकून गेलो. भांडणाचा विषय काढलाच नाही. "अण्णा, तुमच्या अंगणाचीही पातळी घेऊ का?" एवढेच विचारले. ते काही न बोलता नळीचे दुसरे टोक धरून उभे राहिले. पाणी दोन्ही टोकांना स्थिर झाले तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आले की त्यांचे अंगण आमच्याहून तीन इंच खाली आहे, आणि त्यांचे पाणीही त्याच भिंतीला अडते आहे. त्यांची भिंत माझ्या एकट्याच्या पाण्याने ओलावली नव्हती. ते बराच वेळ नळीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "चहा घ्या."

भिंतीच्या बुडाशी मोरी फोडायची आणि दोन्ही घरांच्या पाण्याला एकच सहा इंची पाइप टाकून तो मागच्या ओढ्यापर्यंत न्यायचा, असे ठरले. तो ओढा पुढे कयाधूला मिळतो. काम २०२३ च्या फेब्रुवारीत काढले. ओल्या काळीत खोदकाम होत नाही आणि मे महिन्यात ती दगडासारखी होते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्या बेताची ओल हवी.

गालिचा गुंडाळून ठेवला. नऊ इंच काळी माती काढली, ती साडेचार ब्रास भरली. कुंड्या आणि परसबागेसाठी लोक आनंदाने घेऊन गेले. मग जी खरी युक्ती, ती ही की उतार वरच्या थराला देऊन भागत नाही, खणलेल्या तळालाच द्यावा लागतो. नाही तर आपण काळीत एक परात तयार करतो आणि तिच्यात खडी भरतो. दहा फुटाला दोन इंच असा उतार घरापासून दूर, ईशान्येकडे दिला. तळ धुमसाने ठोकून घेतला. त्यावर जिओटेक्स्टाइल नावाचे जाड कापड अंथरले. हे कापड पाणी जाऊ देते, पण चिखल आणि मुरूम एकमेकांत मिसळू देत नाही. पहिल्या खेपेला मी हेच गाळले होते.

कापडावर सहा इंच चांगला मुरूम, दोन थरांत पाणी मारून दाबला. हा मुरूम कशासाठी? मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर मूलभूत काम केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दिला तर खालची माती शांत राहते, हे त्यांनी दाखवले. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती पद्धत वापरली गेली. कालव्याला लागतो तसा हातभर जाड थर अंगणाला परवडत नाही, म्हणून आमच्या सहा इंचांनी फुगणे पूर्ण थांबेल असा दावा मी करणार नाही. पण वरचे पाणी खाली उतरेनासे झाले, उन्हाळ्यात ओल एकदम उडेनाशी झाली, आणि उंचवटे आले नाहीत.

मुरमावर चार इंच धुतलेली खडी आणि वर इंचभर बारीक खडी. भुकटी असलेली कच मुद्दाम टाळली, कारण ती वाट बुजवते. खालच्या कडेला दीड फूट खोल चर खणून कापडात गुंडाळलेला भोकांचा पाइप टाकला आणि खडीने भरला. याला इंग्रजीत 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन न्यायाधीशाने १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिले, त्याचे आडनाव या चराला चिकटले. गच्चीचे पाणी मात्र या भोकांच्या पाइपात सोडू नका. त्याला वेगळा, बिनभोकांचा पाइप हवा, नाही तर गच्चीचा टँकर पुन्हा अंगणाच्या पोटात जातो. घराच्या जोत्याभोवती तीन फूट फरशीची उतरती पट्टी केली, म्हणजे पायाजवळची काळी सारखी ओली-सुकी होत नाही.

एवढे झाल्यावर लगेच हिरवळ घातली नाही. एक पावसाळा अंगण नुसत्या खडीवर ठेवले. लोक हसले. मुलगा फोनवर कुरकुरला. पण जुलैत एका रात्री मुसळधार पाऊस झाला तेव्हा मी आणि अण्णा छत्र्या आणि बॅटरी घेऊन मागे ओढ्यापाशी गेलो आणि पाइपाच्या तोंडातून पडणारी धार पाहत उभे राहिलो. आमच्या दोघांच्याही बायकांना वाटले, हे म्हातारे चळले. सकाळी अंगणात पाणी नव्हते.

दिवाळीत हिरवळ अंथरली, पण निम्म्याच भागात. कारण सांगतो. ही कृत्रिम हिरवळ अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये १९६६ मध्ये गाजली, कारण तिथे छताखाली खरे गवत जगेना. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच तिच्यावर खेळली गेली आणि आपला संघ सातवा आला, हे जुन्या लोकांना आठवत असेल. हॉकीच्या मैदानावर खेळाआधी पाणी मारतात. आपल्या अंगणात एप्रिल-मेच्या दुपारी कोण पाणी मारणार? उन्हात हे प्लॅस्टिक हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून ती फक्त पूर्वेच्या बाजूला, जिथे दुपार कलल्यावर घराची सावली येते तिथे घातली. तुळशीभोवती खडबडीत शहाबादी फरशी. उरलेल्या कडेला खरी हरळी आपोआप आली आहे. मी ती काढत नाही. दर पंधरा दिवसांनी हिरवळीवरून खराटा फिरवतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरते का ते गुडघे टेकून पाहतो.

आई आता काठी घेऊन चालते. पहिल्या दिवशी ती हिरवळीपाशी थांबली, काठीने टोचून पाहिले, खाली दाबून पाहिले. "खाली काय घातलंय?" तिने विचारले. मी खडीपासून काळीपर्यंत सगळे थर सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि मगच पाऊल टाकले. दहा फेऱ्या होत नाहीत, चार होतात.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत मोजमाप घ्यायला माणसे आली होती. रस्ता पुन्हा होणार आहे म्हणे. संध्याकाळी समोरच्या घरातला मुलगा आला, म्हणाला, "आजोबा, ती तुमची पाण्याची नळी दोन दिवस देता का?" ती अण्णांकडे होती. आम्ही दोघे मिळून घेऊन गेलो.